पाळकसाहेबांची गेलेली वाचा

"तोंड उघडा. जीभ बाहेर काढा. आता 'आ' म्हणा." माझी सगळी नोकरी या तीन वाक्यांत गेली. नाताळ अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी त्यांना हेच म्हटलं, की यात लिहिण्यासारखं काय आहे? ते म्हणाले, "बाई, अनुभव लिहा. फक्त विषय नम्रतेचा ठेवा. यंदाचा अंक त्याच्यावरच आहे." मी हो म्हटलं आणि बरेच दिवस कागदाला हात लावला नाही. अंगात थकवा आहे, तो निवृत्तीनंतर जाईल असं वाटलं होतं. गेला नाही. दिवसभर लोकांच्या तोंडातून शब्द ओढून काढणं हे विहिरीतून पाणी शेंदण्यासारखं काम आहे, आणि आमच्या बहुतेक विहिरी कोरड्याच निघायच्या.

मी वाचा-उपचार करायची. आमच्या मिशन रुग्णालयात तळमजल्यावर, एक्स-रेच्या शेजारी, एक लांबट खोली होती. अर्धांगाचा झटका येऊन ज्यांचं बोलणं गेलंय अशी माणसं तिथं यायची. लोकांना वाटतं, बोलणं गेलं म्हणजे जीभ लुळी पडली. तसं नसतं. जीभ पुष्कळदा ठीक असते. शब्द जिथं ठेवलेले असतात त्या कपाटाची किल्ली हरवलेली असते. माणसाला सगळं समजतं, काय म्हणायचंय तेही डोक्यात लख्ख असतं, पण 'चमचा' म्हणायला जावं तर 'चप्पल' बाहेर येते. आणि चुकलं हे त्याचं त्यालाच ऐकू येतं. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्याकडे बघणं, हे माझ्या कामातलं सर्वांत अवघड काम.

पहिल्या दिवशी आम्ही साधे प्रश्न विचारायचो. नाव काय, गाव कुठलं, आत्ता कोणत्या शहरात आहात? शहराचं नाव बदललं तेव्हा मी ठरवून टाकलं की औरंगाबाद म्हणा, संभाजीनगर म्हणा, दोन्ही बरोबर. ज्याच्या तोंडून एक शब्द निघायची मारामार, त्याच्याशी त्यावरून काय वाद घालायचा?

आणखी एक गोष्ट सांगते, कारण पुढं ती लागणार आहे. बोलणं गेलेल्या माणसाच्या तोंडून काही गोष्टी मात्र घडाघड येतात. एक ते दहा आकडे, आठवड्याचे वार, लहानपणी पाठ केलेली गाणी, प्रार्थना. आणि शिव्या. ते बोलणं नव्हे. ते घोकलेलं असतं, विचाराला न विचारता आपोआप बाहेर पडतं. डॉक्टर लोक याची मोठी नावं सांगतात. मी नातेवाइकांना सांगायची, की प्रार्थना आणि शिव्या डोक्यात एकाच खोलीत राहतात. बरेच जण रागवायचे.

गुलमंडीतले एक कापड दुकानदार माझ्याकडे यायचे. त्यांना मुलाचं नाव घेता येत नव्हतं, पण गिऱ्हाइकाला घालायची शिवी अगदी स्पष्ट यायची. त्यांच्या मुलानं ते हसून घेतलं. "अब्बा, आप बस यही बोलो, दुकान चल जाएगी," असं तो म्हणायचा, आणि म्हातारा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचा. ते घर निभावून गेलं. सगळ्यांना असं निभावता येत नाही.

शमुवेल खरात पाळकसाहेबांना नाही आलं. (नाव बदललं आहे. त्यांच्या घरच्यांना विचारूनच लिहिते आहे.)

मी दुसऱ्या चर्चच्या मंडळीची, त्यामुळं त्यांच्या देवळात क्वचित गेले होते, पण त्यांचं नाव मराठवाड्यातल्या सगळ्या ख्रिस्ती घरांत माहीत होतं. उंच, गोरटेले, पांढऱ्या झग्यात उभे राहिले की माणसं आपोआप सावरून बसायची. आवाज असा, की लाऊडस्पीकर बंद पडला तरी कुणाच्या लक्षात यायचं नाही. कन्नडपासून वाळूजपर्यंत जिथं विश्वास जागवणारी संजीवन सभा असेल तिथं त्यांना बोलावणं असायचं. आणि त्यांचं सर्वांत गाजलेलं प्रवचन होतं नम्रतेवर. मंदिरात प्रार्थनेला गेलेल्या दोन माणसांची ती गोष्ट. एक पुढं उभा राहून देवाला आपले गुण मोजून दाखवतो, दुसरा जकातदार, लोकांच्या लेखी पापी, तो लांब उभा राहतो आणि मान वर करत नाही. पाळकसाहेब त्या जकातदारासारखी मान खाली घालायचे तेव्हा बायका पदर डोळ्याला लावायच्या. "काय मान घालतात!" असं लोक घरी जाताना म्हणायचे.

तर हे पाळकसाहेब एका सकाळी चाकाच्या खुर्चीतून माझ्या खोलीत आले. उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला, तोंड किंचित वाकडं. सोबत त्यांच्या पत्नी, पाळकीणबाई. खुर्ची ढकलत होती आमच्या विभागाची आया, मार्था. चाळिशीची, काटक बाई, कामाला वाघ, बोलायला कंजूष. दार उघडणं, पेशंट ने-आण करणं, लाळ पुसणं, फरशी पुसणं, सगळं तीच करायची. त्या दिवशी तिनं खुर्ची टेबलाशी लावली, चाकाचा खटका दाबला आणि लगेच बाहेर निघून गेली. एरवी ती थांबायची. माझ्या ते लक्षात आलं, पण मी विचारलं नाही.

पाळकीणबाई उत्साहात होत्या. "मॅडम, साहेबांचं बोलणं परत आलंय! ऐका तुम्ही. साहेब, म्हणा."

आणि साहेबांनी प्रभूनं शिकवलेली प्रार्थना सुरुवातीपासून आमेनपर्यंत म्हटली. तोच आवाज. एक शब्द अडला नाही. शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. भुवया वर, हनुवटी वर. बघा, मला तुमची काय गरज आहे?

मी टेबलावरचा पाण्याचा पेला पुढं सरकवला. "साहेब, हे काय आहे?"

त्यांनी तोंड उघडलं. "जा... जहाज." थांबले. मान हलवली. "ज... जना... जहाज."

चेहरा लाल झाला. पाळकीणबाई घाईनं म्हणाल्या, "थकलेत ते. त्यांना म्हणायचंय..."

"त्यांनाच म्हणू द्या," मी म्हटलं. पण त्यांनी डावा हात वर करून दाराकडे बोट दाखवलं.

पुढचे काही आठवडे असेच गेले. आमच्याकडे चित्रांचे पत्ते असतात. गाय, केळं, कुलूप, छत्री. लहान मुलांचे वाटतात, पण दुसरा रस्ता नाही. माणूस कितीही मोठा असो, शब्द परत यायचे तर गाय-केळ्यापासूनच येतात. पाळकसाहेब पत्ते बघायचेच नाहीत, खिडकीबाहेर बघत बसायचे.

त्यांच्याच वेळेला सखाराम यायचा. कन्नडकडचा मेंढपाळ, डोक्याला मुंडासं, एसटीनं बायकोबरोबर यायचा. झटक्यानंतर त्याच्याकडं एकच शब्द उरला होता, 'व्हय'. भूक लागली तरी व्हय, नको असलं तरी व्हय. फक्त सूर बदलायचा. त्या एका शब्दावर तो अख्खा संसार चालवायचा. मेंढीचं चित्र दाखवलं की टेबलावर थाप मारून "व्हय! व्हय!" करायचा आणि मग हे आपलं बरोबर नाही हे कळून स्वतःच खो खो हसायचा. बायको म्हणायची, "लगीन झाल्यापून पयल्यांदाच माझ्या म्हणण्याला व्हय म्हणायलेत, मॅडम. ऱ्हाऊ द्या असंच."

एके दिवशी सखाराम असाच हसत हसत पाळकसाहेबांकडे वळला आणि मेंढीचा पत्ता त्यांच्यापुढं धरून म्हणाला, "व्हय?" तुम्ही सांगा, असं त्याचं म्हणणं. पाळकसाहेबांनी डाव्या हातानं टेबलावरचे सगळे पत्ते फटकारून खाली पाडले. सखाराम दचकला. मार्था कोपऱ्यात होती. ती आली, गुडघ्यावर बसली आणि पाळकसाहेबांच्या पायांपाशी पडलेले पत्ते एक एक गोळा करू लागली. पाळकसाहेबांनी पाय मागं घेतले नाहीत, पण डोळे मिटून घेतले.

दुपारी मागच्या पायरीवर चहा घेताना मी मार्थाला विचारलं, "तू ओळखतेस त्यांना?"

"ओळखते की. त्यांच्याच देवळात व्हते मी."

"मग?"

तिनं कप खाली ठेवला. तिचा नवरा वाळूजला कारखान्यात होता, हे मला माहीत होतं. दुसऱ्या पाळीवरून येताना मोटारसायकल घसरून गेला, हेही. पुढचं माहीत नव्हतं.

"प्यायचा तो," मार्था म्हणाली. "रोज नाय. त्या दिवशी पिला व्हता. देवळात मयताची पेटी ठिवलेली, लेकरं माझ्या दोन्ही अंगाला. साहेब उभं राह्यले. मला वाटलं, देवाचं दोन शब्द बोलतील. तर त्यांनी दारूवर प्रवचन केलं, ताई. पेटीकडं बोट करून. दारुड्याचं मरण बघा म्हणले. माझी पोरगी मला इचारायली, आई, आपल्या पप्पाला म्हणायलेत का?" तिनं कप परत उचलला. "लोक म्हणले, काय प्रवचन झालं! कुणी त्याची कॅसेट पण मागितली म्हणं. मी परत त्या देवळाची पायरी चढले नाय."

"त्यांनी कधी काही..."

"त्यांना माहीतच नसंल. मोठ्या माणसाला काय आठवतं?"

मी तिला दुसऱ्या वेळेला काम लावून देते म्हटलं. ती नको म्हणाली. "माझं काम हाय ते. पगार देवळाचा नाय, दवाखान्याचा हाय."

त्यानंतर आला झावळ्यांचा रविवार. येशू गाढवावर बसून यरुशलेमात शिरला, त्याची आठवण. मुलं झावळ्या घेऊन देवळाभोवती फिरतात. पाळकीणबाईंनी ठरवलं होतं की त्या दिवशी साहेब वेदीजवळ उभे राहून प्रार्थना म्हणतील. मी त्यांना दोनदा समजावलं. ते घोकलेलं आहे, बोलणं नाही. प्रार्थना संपली की तिथंच थांबा, माइक काढून घ्या. त्या दुखावल्या. "तुमचा विश्वास कमी पडतो, मॅडम," असं म्हणाल्या. पाळकसाहेब खुर्चीत ताठ बसून ऐकत होते. ते बायकोच्याच बाजूचे होते.

मी गेले. काळजी वाटत होती म्हणून गेले. देऊळ भरलेलं होतं. मंडळीच्या दोन पंचांनी त्यांना धरून उभं केलं. त्यांनी प्रार्थना म्हटली, पहिल्यासारखीच, भिंती घुमवत. लोक रडत होते. आमेन झालं आणि कुणीतरी ओरडलं, "चमत्कार! प्रभूची स्तुती असो!" टाळ्या सुरू झाल्या. त्यांच्या जागी आलेल्या नव्या पाळकांनी भारावून जाऊन माइक पुन्हा त्यांच्यापुढं धरला. "साहेब, आशीर्वादाचे दोन शब्द."

ते माइक बाजूला करू शकले असते. नुसतं हसून मान हलवली असती तरी लोकांनी देव्हाऱ्यात बसवलं असतं. पण मी त्यांची हनुवटी वर होताना पाहिली. त्यांनी तोंड उघडलं. "ज... जहाज," म्हणाले. "जहाज... ना..." सगळं देऊळ कान देऊन ऐकत होतं. ते शब्द शोधत होते, संतापत होते, आणि त्या संतापात त्यांच्या तोंडून शिवी निघाली. आईवरची. पूर्ण, स्वच्छ, त्या भारदस्त आवाजात, माइकवर.

मागच्या बाकावरची झावळ्यांची मुलं फिसकन हसली. आयांनी त्यांच्या तोंडावर हात ठेवले. थांबवायच्या धडपडीत तीच शिवी पुन्हा आली. पंचांनी त्यांना घाईघाईनं खाली बसवलं आणि हार्मोनियमवाल्यानं गाणं धरलं.

मी सांगते, तो माणूस शिवराळ नव्हता. तो आजार होता. पण देवळातल्या शेदीडशे लोकांना मी हे कसं समजावणार? काहींना दया आली, आणि काही घरी जाताना म्हणाले, बघा, आतलं बाहेर आलं. ज्यांनी 'काय मान घालतात' म्हटलं होतं, त्यांतलेच ते.

पाळकसाहेब दवाखान्यात यायचे थांबले. मी त्यांचा विषय मनातून काढून टाकला होता. आमच्या कामात तसं करावंच लागतं, नाहीतर जगणं होत नाही. पावसाळा सुरू झाला होता तेव्हा एक दिवस दारात चाकाच्या खुर्चीचा आवाज आला. पाळकीणबाई एकदम म्हाताऱ्या दिसत होत्या.

"मी नाही आणलं," त्या म्हणाल्या. "तेच सकाळपासून दाराकडं बोट दाखवतायत. कपडेही घालू देत नव्हते, एवढी घाई."

ते बारीक झाले होते. मी पत्ते पुढं ठेवले. त्यांनी पाहिले. सखाराम शेजारी सरकून बसला आणि त्यांच्या डाव्या हातावर थोपटून म्हणाला, "व्हय, व्हय." त्यांनी हात काढून घेतला नाही.

त्या दिवशी 'गाय' आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडाभरानं 'गा' आलं. जो माणूस तास तासभर बोलायचा, तो आता 'गाय' म्हणता आलं म्हणून घाम पुसत होता, आणि आमचा सखाराम टेबल बडवत होता. मी पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत नम्रतेवर. अभिमान हा सगळ्या पापांचा बाप, देव गर्विष्ठांना खाली आणतो, हे मला पाठ आहे. पण खाली आणलेला माणूस आपोआप नम्र होतो असं नाही. मी खाली आलेली शेकडो माणसं पाहिली. बहुतेक कडवट होतात, बायकोवर चिडतात, भिंतीकडे तोंड करून पडतात. खाली आल्यावर तिथं बसून गाय-केळं म्हणायला तयार होणं, हे वेगळंच काही असतं. ते कुठून येतं ते मला सांगता येणार नाही. पाळकांनी सांगावं.

हिवाळ्यापर्यंत त्यांना पंचवीस-तीस शब्द आले. तेव्हा मी पेशंटला विचारायची ते त्यांना विचारलं, "आता तुम्ही सांगा, साहेब. तुम्हाला कोणता शब्द हवाय?" बायकोचं नाव सांगतील असं वाटलं. त्यांनी डावं बोट उचललं आणि टेबल पुसत असलेल्या मार्थाकडे दाखवलं.

"फडकं?" मी विचारलं. त्यांनी मान हलवली. "टेबल? पाणी?" नाही, नाही. मार्था पुसायची थांबली. त्यांनी डावा हात छातीशी आणला, उजवा हात बोटांनी वर उचलून त्याला जोडायचा प्रयत्न केला. तो उचलेना. मग एकच हात कपाळाशी नेला आणि मान खाली घातली.

त्यांना माहीत होतं. मोठ्या माणसालाही आठवत होतं.

आम्ही 'माफ' या शब्दावर किती दिवस घालवले! 'माप' यायचं, 'मामा' यायचं. 'चुकलं' म्हणायला जावं तर 'चुना'. मार्था त्या वेळी मुद्दाम बाहेरची कामं काढायची. मी तिला काही म्हटलं नाही. तिला तो शब्द ऐकायची सक्ती करणारी मी कोण?

एका सकाळी ती त्यांना खुर्चीतून आणत होती. टेबलाशी खुर्ची लावून ती वळली, तेवढ्यात त्यांनी तिच्या पदराचं टोक डाव्या मुठीत धरलं. ती थबकली. "म... मा..." ते म्हणाले. अडले. डोळे गच्च मिटले. मग त्यांनी प्रार्थना सुरू केली.

मला वाटलं, हे पुन्हा त्या जुन्या चाकोरीत गेले. पण ते हळू म्हणत होते, आवाज न चढवता, एकेक शब्द चाचपडत, अंधारात जिना उतरल्यासारखे. आम्ही जशी दुसऱ्याची ऋणं सोडली तशी आमची सोड, असं जिथं आहे, त्या ओळीशी आले. 'सोड' म्हणाले आणि थांबले. घोकलेलं मध्येच थांबवणं किती अवघड असतं ते मला ठाऊक आहे. पुढचे शब्द तोंडात रेटा देत असतात. पण त्यांनी पुढचं येऊ दिलं नाही. डोळे उघडून मार्थाकडे पाहिलं आणि तो एकच शब्द पुन्हा म्हटला.

"सोड."

माझ्या सगळ्या नोकरीत मी ऐकलेलं हे सर्वांत खरं बोलणं.

मार्थानं हलकेच त्यांच्या मुठीतून पदर सोडवून घेतला.

"एवढं सोपं नाय ते, साहेब," ती म्हणाली. "माझ्या पोरीला अजून आठवतंय." मग म्हणाली, "उद्या या. उशीर करू नका, डाक्टर मॅडम तुमच्यासाठी थांबून ऱ्हातात."

मला ती नेहमी ताई म्हणायची. त्या दिवशी, कामाच्या आड उभी राहून, डाक्टर मॅडम म्हणाली.

त्यानंतर पाळकसाहेब दीड-दोन वर्षं येत राहिले. पुन्हा प्रवचन केलं नाही. कुणी म्हणायचं, बिचारे, प्रभूनं त्यांची मोठी देणगी काढून घेतली. मला तसं वाटायचं नाही, पण मी वाद घालायची नाही. रविवारी ते देवळात मागं, दाराशी, खुर्चीतच बसायचे. येणाऱ्या प्रत्येकाला 'सलाम' म्हणायचे. तो शब्द त्यांना पक्का आला होता. सखाराम यायचा थांबला. बायकोला एसटीचा प्रवास झेपेना. त्याचं पुढं काय झालं मला कळलं नाही. असे किती तरी जण.

मार्थानं त्यांना माफ केलं का, हे मी विचारलं नाही. ती रोज खुर्ची लावायची, त्यांची हनुवटी पुसायची, शर्टाचं बटण सुटलं असेल तर लावायची, कुणाचंही लावावं तसं. मी निवृत्त व्हायच्या थोडं आधी, त्याच मागच्या पायरीवर, ती आपणहून म्हणाली, "ताई, एक गंमत सांगू? आज त्यांचं तोंड पुसताना ध्यानात आलं, की लई दिवस झाले, मला त्या पेटीची आठवणच आली नाय. कवा गेली ते कळलं बी नाय."

"मग सांगितलंस त्यांना?" मी विचारलं.

"सांगायचं काय त्यात?" ती उठली, पदर खोचला. "चला, त्यांना गाडीत बसवायचंय. पाळकीणबाई कवापून वाट बघायल्यात."

आणि ती आत गेली.